देवणी पैदासकारांचा संघ: वर्गणी भरण्याआधी काय बघावं

उदगीरकडच्या एका गोपालकाने विचारलं आहे. त्यांच्याकडे देवणी या देशी जातीची लहानमोठी अकरा जनावरं आहेत, त्यांत पाच गाई. भागात देवणी पैदासकारांचा संघ निघाला आहे आणि सभासद व्हा म्हणून आग्रह चालू आहे. त्यांचं म्हणणं असं: दूध डेअरीला जातं, दवाखाना सरकारी आहे, कृत्रिम रेतन करणारा दारात येतो, योजनांचे अर्ज ऑनलाइन भरता येतात. मग संघाने करायचं उरलं काय? वर्षातून एकदा प्रदर्शन भरवण्यापलीकडे त्यांना संघाचं काम दिसलेलं नाही.

प्रश्न रास्त आहे, पण तो थोडा फिरवून घेऊ. संघ मला कोणती सेवा देणार, असं विचारलंत तर उत्तर निराशाजनकच येईल, कारण बहुतेक सेवा दुसरीकडे मिळतात. विचारायचं ते असं: जे काम एकट्या गोपालकाला जमत नाही, डेअरीला करायचं नाही आणि सरकारी दवाखान्याच्या कक्षेत बसत नाही, असं काही आहे का? आहे. जातीची नोंद ठेवणं आणि त्या नोंदीवरून वळू निवडणं. मी पशुवैद्यक आहे. मराठवाड्यात रेतन, दूधनोंदी आणि पैदासकारांचे गट यांच्याबरोबर काम करत आलो, आणि माझं ठाम मत आहे की ज्या संघाकडे नोंदवही नाही त्याच्याकडे बाकी काहीही असलं तरी तो पैदासकारांचा संघ नाही.

कसं ते तुमच्याच दावणीवरून बघू. समजा चांगल्या गाईचा एक देखणा गोऱ्हा तुमच्याकडे आहे. त्याचा वळू करावा का? त्याची परीक्षा त्याच्या लेकींच्या दुधावरून होणार. पाच गाईंपासून वर्षाला फार तर दोन-तीन कालवडी. त्या माजावर येणार अडीच-तीन वर्षांनी, विणार साडेतीन-चार वर्षांच्या झाल्यावर, पहिलं वेत (विण्यापासून दूध आटेपर्यंतचा काळ) संपायला आणखी वर्ष. तोवर वळू आठ-नऊ वर्षांचा झालेला असतो, किंवा तुम्ही तो कधीच विकलेला असतो. शिवाय त्या कालवडी वाढल्या एकाच गोठ्यात, एकाच वैरणीवर. दूध चांगलं निघालं तर ते वळूचं की तुमच्या खुराकाचं, हे देवालाही सांगता येणार नाही. त्याच वळूच्या लेकी वीस-पंचवीस गोठ्यांत असतील, कुठे बागायत, कुठे कोरडवाहू, आणि तरीही बहुतेक ठिकाणी शेजारच्या गाईंपेक्षा सरस निघाल्या, तर मग वळूत दम आहे असं म्हणता येतं. ही परीक्षा एकट्याच्या गोठ्यात होतच नाही, तिला प्रदेश लागतो. पैदासकारांनी एकत्र यायचं मूळ कारण हे आहे.

दुसरी गोष्ट रक्ताची. गावात एकच वळू सहा-सात वर्षं राहिला की तो स्वतःच्या लेकींवर जातो. बाप-लेकीच्या संकरातून झालेल्या वासरात अंतःप्रजननाचं, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं, प्रमाण 25 टक्के येतं, सावत्र भाऊ-बहिणीच्या संकरात 12.5 टक्के. परिणाम एका दिवसात दिसत नाहीत. वासरं बारीक जन्मतात, कालवडी उशिरा माजावर येतात, गाई वारंवार उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात, आणि आपण दोष देतो खुराकाला. उपाय साधा आहे: वळू तीन वर्षांच्या आत गावातून हलवायचा, म्हणजे त्याच्या लेकी माजावर येण्याआधी तो दुसरीकडे गेलेला असतो. पण हलवायचा कुठे आणि त्याच्या जागी आणायचा कोणता? नवा आणलेला वळू जुन्याचा भाऊ निघाला तर सगळा खटाटोप फुकट. कोणता वळू कोणाचा, हे पंधरा-वीस गावांचं मिळून कुठेतरी लिहिलेलं असल्याशिवाय अदलाबदल होत नाही.

अदलाबदलीआधी तपासणीही हवी. नैसर्गिक रेतनाचा वळू गावोगाव फिरला की सांसर्गिक गर्भपातासारखे रोगही त्याच्याबरोबर फिरू शकतात. रक्ततपासणी झाल्याशिवाय वळू हलवायचा नाही हा नियम करणं आणि तो ओळखीच्या माणसालाही लावणं हे संघाचं काम. एकट्या गोपालकाने शेजाऱ्याच्या वळूची तपासणी मागितली तर भांडण होतं, संघाचा नियम म्हणून मागितली तर होत नाही.

नोंद कशी असते ते जरा जवळून सांगतो, कारण अडतं इथेच. गाईचा बिल्ला क्रमांक, आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक, विण्याची तारीख, आणि महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळचं मोजलेलं दूध. कागदावर सोपं वाटतं. पण देवणी गाय वासराशिवाय पान्हा सोडत नाही. आधी वासरू लावायचं, पान्हा आला की बाजूला घ्यायचं, मग धार काढायची. कोणी दोन सड वासराला ठेवतो, कोणी एक, कोणी अंदाजाने शेवटचं दूध कासेत सोडतो. आता एका गोठ्यातले तीन लिटर आणि दुसऱ्यातले तीन लिटर सारखे कसे धरायचे? म्हणून मोजणीच्या दिवशी सगळ्यांनी एकच पद्धत पाळायची: दोन सड वासराला, दोन सडांचं दूध मोजायचं आणि दुप्पट करायचं. किंवा दुसरी कोणती पद्धत ठरवा, पण सगळ्या गोठ्यांना तीच. आणि मोजणारा माणूस गाईचा मालक नसावा. आपल्या गाईचं दूध कमी लिहायला कोणाचाच हात उठत नाही.

तुम्ही म्हणाल, कानात बारा अंकी बिल्ला आहे, सरकारी प्रणालीत नोंद आहे, आणखी कशाला? बिल्ला हवाच. महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री बंद केलेली आहे. पण बिल्ला जनावराची ओळख देतो, वंशावळ आपोआप देत नाही. कृत्रिम रेतन झालं असेल तर रेताच्या कांडीवरचा वळू क्रमांक टाकता येतो. गावच्या वळूकडून गाय फळली असेल तर बापाचा रकाना बहुधा रिकामाच राहतो, आणि देशी जातींत नैसर्गिक रेतन अजून पुष्कळ चालतं. केंद्र सरकारची वंशावळ नोंदणीची जुनी योजना आहे, तिची केंद्रं रोहतक, अहमदाबाद, ओंगोल आणि अजमेरला. ती चालते गीर, कांकरेज, हरियाना आणि ओंगोल या गाईंसाठी आणि मुऱ्हा, जाफराबादी, मेहसाणा, सुरती या म्हशींसाठी. देवणी, लाल कंधारी, खिलार, डांगी, गवळाऊ त्यात नाहीत. आपल्या जातींची नोंद कोणी ठेवायची, तर आपणच.

हे जमू शकतं याचं मोठं उदाहरण ब्राझीलचं. आपल्याकडून गेलेल्या ओंगोल, गीर आणि कांकरेज जनावरांपासून तिकडे नेलोर, गीर आणि गुझेरा या जाती वाढल्या. त्या पैदासकारांची संघटना उबेराबा शहरात 1934 मध्ये सुरू झाली आणि 1938 पासून सरकारने वंशनोंदणीचं काम तिच्याकडे दिलं. आजही झेबू, म्हणजे वशिंडाच्या, जनावराच्या कागदावर तिचा शिक्का लागतो. तिथली कुरणं, पैसा, बाजारपेठ आपल्याकडे नाही, त्यामुळे सरळ तुलना करू नये. एवढंच घ्यावं की शिक्क्याला किंमत आली ती दशकानुदशकं खाडाखोड न करता लिहिलेल्या वह्यांमुळे.

आता तुम्हाला न पटलेलं प्रदर्शन. प्रदर्शन वाईट नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी आणि देवणी रांगेने उभ्या राहतात तेव्हा नव्या पोरांना जात डोळ्यांनी कळते, चांगल्या जनावराच्या मालकाला मान मिळतो, ओळखी होतात, सौदे होतात. पण मैदानावर दिसतं ते रूप: रंग, कपाळ, कान, पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी), चाल. त्या गाईने गेल्या वेताला किती दूध दिलं आणि दोन वेतांत किती अंतर पडलं, हे मैदानावर दिसत नाही. देवणीत वानेरा, बालंक्या, शेवेरा असे रंगाचे तीन प्रकार. तोंडाच्या बाजू काळ्या आणि अंग पांढरं असा वानेरा लोकांच्या मनात भरतो, आणि मग दुधाला सरस असलेली शेवेरा गाय ठिपक्यांपायी मागे पडते. नुसत्या प्रदर्शनावर चालणारा संघ हळूहळू जातीला रंगाकडे ढकलतो. तसा त्याचा हेतू नसतो, पण बक्षीस ज्याला मिळतं त्याचीच पैदास वाढते.

म्हणून संघात एकदा बसून ठरवावं लागतं की आपल्याला देवणी कशासाठी हवी. ही दुहेरी उपयोगाची जात, गाय दुधाला आणि बैल कामाला. ट्रॅक्टर आला आणि बैलाची मागणी घटली. दूध म्हणावं तर वेताला साधारण हजार लिटरच्या आत-बाहेर. संकरित गाईशी त्यात बरोबरी होत नाही, आणि करायला गेलो तर जातच पुसली जाईल. मग निवड दुधावर करायची, लवकर माजावर येण्यावर, की कामाच्या बैलावर? माझं मत विचाराल तर पहिला भर वेळेवर गाभण राहण्यावर आणि दोन वेतांतलं अंतर कमी करण्यावर द्यावा, दुधावर त्यानंतर. वर्ष-सव्वा वर्षाने विणारी मध्यम दुधाची गाय ही दोन वर्षांनी विणाऱ्या भारी गाईपेक्षा कोरडवाहू शेतकऱ्याला परवडते. पण ज्यांच्याकडे बैलांचे चांगले ग्राहक आहेत ते वेगळं म्हणतील, आणि त्यांचंही चुकीचं नाही. हा वाद संघात व्हायलाच हवा. जिथे तो होत नाही तिथे प्रत्येक जण आपापल्या आवडीचा वळू लावतो आणि दहा वर्षांनी जात जिथल्या तिथे राहते.

पैशाचं बोलू. बाजारात हेडी (जनावरांचे व्यापारी) आणि दलाल रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात, आणि विकणाऱ्या शेतकऱ्याला खरा आकडा काही वेळा शेवटी कळतो. दात बघून वय कळतं, आदत (पक्के दात न आलेला) आहे की दुसा (दोन दाती) की चौसा (चार दाती). पण हा गोऱ्हा कोणत्या गाईचा, तिचं दूध किती, हे तोंडी सांगणं झालं, आणि तोंडी सांगण्यावर कोणी जास्त पैसे मोजत नाही. लेखी वंशावळ आणि आईच्या तीन वेतांच्या दूधनोंदी हातात असल्या, वर त्या खोट्या निघाल्या तर संघ नाव काढून टाकतो अशी ख्याती असली, की लांबचा ग्राहक थेट गोठ्यावर येतो. शंका आली तर केसांच्या मुळांवरून आई-बाप पडताळता येतात. वर्षाला थोड्या जनावरांची अशी तपासणी चिठ्ठी टाकून करणारा संघ असेल तर डोळे झाकून सभासद व्हा.

रोगाच्या वेळी संघाचा उपयोग मी जवळून बघितला तो 2022 च्या लम्पीच्या साथीत. डास, माश्या आणि गोचीड यांच्यामार्फत पसरणारा हा रोग. बाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीची लस टोचायची मोहीम निघाली. जिथे गोपालकांची यादी तयार होती, कोणाकडे किती गाई, किती वासरं, कोणाच्या कानात बिल्ला नाही, तिथे लसीकरण गल्ली धरून भराभर उरकलं. इतर ठिकाणी आम्ही घरं शोधत फिरलो. मेलेल्या जनावरामागे राज्याने मदत दिली, गाईला 30,000 रुपये, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000. पण त्यासाठी पंचनामा, बिल्ला, कागद लागायचे, आणि दुःखात बसलेल्या माणसाला ते गोळा करणं जमत नाही. गटातल्या एखाद्या जाणत्या पोराने फोटो काढून, अर्ज भरून दिला त्या घरांचं काम झालं. एरवी दवाखान्यातला एक पशुवैद्यक कितीतरी गावांना पुरवायचा असतो. साथीत संघ डॉक्टरची जागा घेऊ शकत नाही, पण डॉक्टरचे वाया जाणारे तास वाचवतो.

सरकारदरबारी बोलणं हे पुढचं काम, आणि इथे मला आपल्या संघांबद्दल तळमळीने सांगावंसं वाटतं. 2015 पासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. कायद्यावर प्रत्येकाचं मत असेल, पण भाकड गाय आणि थकलेला बैल सांभाळायचा खर्च कोणाच्या गोठ्यात पडतो हे पैदासकारच सांगू शकतो. 30 सप्टेंबर 2024 ला राज्याने देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं आणि त्याच वेळी गोशाळांमधल्या देशी गाईंसाठी दर गाईमागे दिवसाला 50 रुपयांचं अनुदान ठरवलं. गोशाळांना मिळावं, त्याबद्दल तक्रार नाही. पण जी गाय शेतकऱ्याच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या टिकली तिच्यासाठी काय, हे कोण विचारणार? जात टिकते ती पैदास करणाऱ्याच्या गोठ्यात. संघाने हे मांडताना भावनेबरोबर आकडे न्यावेत: इतक्या नोंदणीकृत गाई, इतके वळू, दर गाईमागे वर्षाचा चारा इतक्याचा, उत्पन्न इतकं. खिलारवाल्यांकडे बघा. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती थांबवल्या, 2017 मध्ये राज्याने त्या पुन्हा सुरू करण्यासाठी कायदा केला, 2021 च्या डिसेंबरमध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने कायदे कायम ठेवले. शर्यतींबद्दल दोन मतं असू शकतात, पण बैलमालक एकजुटीने इतकी वर्षं पाठपुरावा करत राहिले नसते तर हे झालं नसतं.

नव्या तंत्राचंही तसंच. 5 ऑक्टोबर 2024 ला वाशीममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशी गाईंसाठीची जनुकीय चिप जाहीर झाली. तिच्यामुळे वासरू लहान असतानाच त्याच्या गुणांचा अंदाज बांधता येईल. पण चिप वाचते ती जनुकं. कोणत्या जनुकांच्या गाईने प्रत्यक्षात किती दूध दिलं, हे आधी हजारो गाईंवर मोजलेलं असावं लागतं. देवणीचं दूध गोठ्यागोठ्यांत मोजलं गेलं नाही तर ही चिप देवणीवाल्यांच्या फारशी कामाला येणार नाही. 2023 मध्ये राज्याने गोजातीय प्रजननाच्या नियमनाचा कायदाही केला, वळू आणि रेतन आता नोंदणीच्या कक्षेत येत आहेत. तयार नोंदी असलेला संघ या सगळ्यात पुढे राहील.

आता तुम्ही सभासद व्हावं का? ते तुमच्यावर अवलंबून आहे. फक्त दूध विकायचं असेल आणि वासरं बाजारात जाईल त्या भावाने द्यायची असतील, तर संघाचा थेट फायदा तुम्हाला कमीच, वळू बदलून मिळण्यापुरता. कालवडी आणि गोऱ्हे पैदाशीसाठी विकायचा विचार असेल तर फायदा मोठा आहे, पण तो चार-पाच वर्षांनी दिसतो.

आणि संघ कसा आहे त्यावरही अवलंबून आहे. कायद्याने तो संस्था म्हणून नोंदलेला असेल, सहकारी असेल किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असेल. तिन्ही चालतात, पण एक गोष्ट मी ठामपणे सांगेन: जनावरं विकण्याचा धंदा आणि जनावरांना प्रमाणपत्र देण्याचं काम एका हाती नसावं. कंपनीने दूध, तूप, खाद्य, शेण विकावं. नोंदवही वेगळ्या समितीकडे असावी, आणि त्या समितीत स्वतः मोठ्या प्रमाणावर वळू विकणारा माणूस नसावा. मी बघितलेले जे गट मोडले त्यांतले बरेचसे भांडणाने मोडले, आणि भांडणाच्या मुळाशी बहुधा हेच होतं की पदाधिकाऱ्याच्या गोठ्यातल्या जनावराला कागद लवकर मिळतो.

तर पुढच्या सभेला जा, पण पावती फाडण्याआधी नोंदवही मागा. एक पान उघडून एखाद्या गाईचा बाप, आजा आणि गेल्या वेताचं दूध लिहिलंय का बघा, आणि दूध कोणी मोजलं ते विचारा. संघाच्या वळूची शेवटची रक्ततपासणी कधी झाली ते विचारा. गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित हिशेब सर्वसाधारण सभेत वाचला का, तेही विचारा. नवा संघ असेल तर वही रिकामी असेल, त्यात गैर काही नाही. मग विचारा की पहिल्या वर्षी किती गाई नोंदणार आणि मोजणीला माणूस कोण. आणखी एक, तुमच्या भागात हे फार महत्त्वाचं: देवणी गाय जिल्ह्याची हद्द बघत नाही, सीमेपलीकडे बीदर, भालकीकडेही तीच गाय आहे. तिकडच्या पैदासकारांशी वळूंची अदलाबदल करायची संघाची तयारी आहे का? नाही म्हणाले तर तुम्हीच हा विषय सभेत मांडा. तुमच्याकडे अकरा जनावरं आहेत, म्हणजे बोलायचा हक्क आहे. सभेआधी त्या अकराही जनावरांचे बिल्ले, माहीत असेल तिथे आई-बाप आणि शेवटच्या विण्याच्या तारखा एका वहीत लिहून काढा. संघ चांगला निघाला तर तुमची पानं तयार असतील, नाही निघाला तरी ती वही तुमच्या कामाची आहे.